ऑपरेटरबाईंचा उजवा पाय

ही गोष्ट सन दोन हजार एकची. घरोघरी टेलिफोन येऊन जुने झाले होते आणि काही हौशी मंडळींच्या खिशात साबणाच्या वडीएवढे फोन दिसायला लागले होते. त्यामुळे ज्या बायकांनी जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे नंबर जोडून दिले त्यांना आता कुणी विचारत नव्हतं. त्यांतल्याच एक ऑपरेटरबाई. बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावला, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना दुसरं नाव कधी मिळालंच नाही. वय चौसष्ट, आवाज खणखणीत, आणि डाव्या गुडघ्यात एक पट्टी आणि चार स्क्रू. बसमधून उतरताना पडल्या होत्या, त्याची ही आठवण.

त्या गुडघ्याने क्लच दाबणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांचा धाकटा भाऊ कायमचा दूर राहायला गेला तेव्हा आपली ऑटोमॅटिक गाडी बहिणीच्या दारात उभी करून गेला. म्हणाला, "हिला दोनच पेडल आहेत. डावा पाय तू घरी ठेवून गेलीस तरी चालेल."

ऑपरेटरबाईंनी साठाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि त्या दिवसापासून दर गुरुवारी त्या नदीपलीकडे ताईकडे जायला लागल्या. ताई म्हणजे थोरली बहीण. तिची नजर पूर्ण गेली होती. आठवड्याभराची वर्तमानपत्रं ती एका स्टुलावर रचून ठेवायची आणि गुरुवारी धाकटीने ती मोठ्याने वाचायची, असा नेम होता. "आधी मेलेले वाच," ताई म्हणायची, "मग राजकारण. त्यात घाई नसते." मग दोघी वाद घालायच्या, चहा प्यायच्या, परत वाद घालायच्या. चौदा किलोमीटरचं अंतर. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या आणि प्रत्येक बसला तीन उंच पायऱ्या. रिक्षावाले पुलापलीकडे येत नसत. म्हणजे गाडी नाही तर ताई नाही, इतका सरळ हिशोब होता.

आणि त्या वर्षी गाडी धक्के द्यायला लागली.

धक्का म्हणजे कसा, तर मागून कुणीतरी खांद्याने ढकलावं तसा. गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना धाडकन आपटायची. मान पुढे, मान मागे. रोज नाही. निघाल्या निघाल्या तर नाहीच. पूल ओलांडला, चढ लागला, की मग. एकदा मुलगा शेजारी बसला होता, हातात फ्लास्कच्या झाकणात चहा. चहा सगळा युनिफॉर्मवर.

मुलगा अग्निशमन दलाच्या ऑफिसात इन्स्पेक्टर होता. मोठमोठ्या इमारती तपासायच्या आणि कुठे काय पेटू शकेल ते लिहायचं, हे त्याचं काम. ते काम त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की कुणाच्या घरी गेला तर आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधायचा. घरात आग विझवायची तीन नळकांडी होती, त्यातलं एक बाथरूममध्ये.

"बाथरूममध्ये कशाची आग लागणार रे?" ऑपरेटरबाईंनी विचारलं होतं.

"गीझर, आई."

"मग पाणी आहेच की तिथे."

"विजेच्या आगीवर पाणी टाकत नाहीत," असं म्हणून त्याने त्यांना वीस मिनिटं समजावलं होतं. त्यानंतर त्या त्याची यथेच्छ थट्टा करत, आणि तोही मग आपल्या नव्या काळज्या घरात बोलून दाखवेनासा झाला.

गाडी तीनदा शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे काचेची केबिन, थंड हवा, गळ्यात टाय बांधलेला माणूस. त्यांनी तिन्ही वेळा सकाळी गाडीला मशीन लावलं, तिन्ही वेळा मशीन म्हणालं, काही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, "गाडीत दोष आढळला नाही. चालवण्याची पद्धत तपासावी."

मुलाने तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "आई, शनिवारी ऑफिसातला एकजण गाडी बघायला येतोय."

"बघायला की न्यायला?"

"न्यायला."

"आणि ताई?"

"मी नेत जाईन ना तुला. महिन्यातून एकदा."

"तोवर मेलेले शिळे होतील," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटली होती. कारण तो कागद वाचल्यापासून त्यांनाही वाटायला लागलं होतं की पाय खरंच बिघडला असेल. चौसष्ट वर्षांचा पाय. त्याचा काय भरवसा?

दुसऱ्या दिवशी दुपारी सून घरी आली तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि उजवा पाय वजनकाट्यावर होता.

"आई, हे काय चाललंय?"

"सराव. चार किलोवर काटा स्थिर ठेवायचा. बघ, हलतोय का?"

सुनेने वाकून पाहिलं. काटा चारवर होता. एक मिनिट, दोन मिनिटं, जागचा हलला नाही. सून शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. कुणाचा पाय कुठे चुकतो हे बघण्यातच तिचा दिवस जायचा. "आई," ती म्हणाली, "या पायात काही दोष नाही. आमच्या शाळेच्या बस एक बाई दुरुस्त करते. गिअरबॉक्सची कामं लोक लांबून तिच्याकडे घेऊन येतात. उद्या जाऊ."

"बाई?"

"तुम्ही गाडी चालवता ना? मग ती दुरुस्त का नाही करणार?"

मंगळवारी दोघी गेल्या. टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड होती, पण आतली फरशी एखाद्या स्वयंपाकघराइतकी लख्ख. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, आणि ज्याचा त्याचा पाना त्या आकृतीवर टांगलेला. मिस्त्रीण चाळिशीची, ठेंगणी, केसांना घट्ट रुमाल बांधलेली. वडिलांच्या हाताखाली शिकली होती. बोलायची कमी, आणि बोलली की समोरचा गप्प व्हायचा.

सुनेने वर्कशॉपचा कागद पुढे केला. मिस्त्रिणीने तो वाचला, उलटा केला, मागची बाजू कोरी आहे हे पाहिलं आणि म्हणाली, "कागद चांगला आहे." मग गाडीच्या गिअरबॉक्समधली तेलाची पट्टी ओढून काढली आणि त्या कोऱ्या बाजूवर टेकवली. लाल, स्वच्छ ठिपका उमटला. तिने तो बोटाने चोळला, वास घेतला. "तेल जळलेलं नाही. पातळीही बरोबर. आता मला फिरवून आणा."

"मशीन नाही लावणार?"

"आधी फिरवून आणा. रोज जाता तिथे, रोज जाता तशा. मालक कसा चालवतो ते बघितल्याशिवाय मी एक नट सैल करत नाही. आणि वाटेत बोलायचं नाही."

"अहो, बत्तीस वर्षं मी बोलण्याचा पगार घेतला," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"मग आज बिनपगारी रजा समजा."

सून शेडमध्येच थांबली. गाडी निघाली. बाजार, शाळा, पूल. ऑपरेटरबाई ओठ मिटून चालवत होत्या, आणि त्यांना बाळंतपणानंतर इतके कष्ट कशाचेच पडले नव्हते. मिस्त्रिणीने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती वाकून ऑपरेटरबाईंच्या पायाकडे बघत होती आणि तिचा एक तळवा मधल्या गिअरच्या दांड्याजवळ टेकलेला होता. पूल संपला, चढ लागला आणि धाडकन! दोघींच्या माना पुढे झाल्या.

"थांबवा बाजूला," मिस्त्रीण म्हणाली.

ऑपरेटरबाईंनी गाडी थांबवली. "पाय ना?" त्यांनी विचारलं.

"पाय जागचा हलला नाही. मी पायाकडेच बघत होते. केसभरही नाही."

ऑपरेटरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग त्यांनी तोंड उघडलं आणि परतीच्या वाटेवर अडवून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. मिस्त्रिणीने ऐकून घेतलं. रजा संपली होती.

शेड बंद व्हायची वेळ झाली होती. मिस्त्रीण म्हणाली, "धक्का बसला म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरने त्याची नोंद केलीच असणार. उद्या सकाळी आठला आणा, मशीन लावून नोंद वाचू. आणि तुमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही आणा. कागद त्यांनी वाचलाय, तर हेही वाचू देत."

बुधवारी सकाळी आठला तिघं हजर. मुलगा युनिफॉर्ममध्ये, हाताची घडी, सारखा दुसऱ्या दरवाजाकडे बघत. मिस्त्रिणीने मशीनची वायर स्टिअरिंगखाली जोडली, बटणं दाबली. पडद्यावर अक्षरं आली. नोंद नाही.

मुलाने निःश्वास टाकला. "चौथ्यांदा," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

मिस्त्रिणीने मात्र मशीन परत लावलं. परत तेच. ती दारावर हात ठेवून उभी राहिली. धक्का तिने स्वतः खाल्ला होता. नोंद गेली कुठे? मग तिची नजर डॅशबोर्डवरच्या हिरव्या आकड्यांच्या घड्याळावर गेली. त्यात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"हे घड्याळ बंद आहे का?"

"छे छे, उत्तम चालतं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "फक्त त्यात सात तास वीस मिनिटं मिळवायची. आत्ता बघा, बारा-चाळीस, म्हणजे आठ."

"रोज सात-वीसच?"

"रोज. रविवारी नऊ मिळवते. वर्ष झालं असेल. मला काय, आकड्यांची सवय आहे."

सून आधी सासूकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"साहेब," मिस्त्रीण म्हणाली, "सकाळी सात-वीसला तुम्ही काय करता?"

"ऑफिसला निघतो."

"त्याच्या आधी?"

मुलगा बॉनेटकडे बघत म्हणाला, "बॅटरीची वायर जोडतो."

"जोडतोस?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "म्हणजे काढतोस कधी?"

"संध्याकाळी आल्यावर. आई, उभ्या गाड्या पेटतात. मी पंचनामे केलेत. वायरीत कुठे शॉर्ट झालं तर… आपल्या घराला लागून उभी असते ती."

"अरे, तू रोज संध्याकाळी बॉनेट उघडतोस ते मला वाटायचं तेल-पाणी बघतोस! ताईला मी किती कौतुकाने सांगितलं, पोरगा माझ्या गाडीला जिवापाड जपतो!"

"जपतोच आहे," मुलगा पुटपुटला.

मिस्त्रीण हसली नाही, पण रुमालाची गाठ उगाच परत बांधायला तिने दोन्ही हात डोक्यामागे नेले. "साहेब, गाडीला दिवसभर जे होतं ते ती लिहून ठेवते. तुम्ही संध्याकाळी वायर काढता, सगळं पुसलं जातं; सकाळी जोडलीत की घड्याळही बारापासून सुरू होतं. सकाळी वर्कशॉपवाले विचारतात, तुला काय होतंय गं? ती म्हणते, मला काही आठवत नाही. ती रोज सकाळी नव्याने जन्माला येते हो! गिअर कसे टाकायचे हेसुद्धा रोज पहिल्यापासून शिकते."

सुनेला आता आवरेना. ती टायरच्या ढिगाआड जाऊन हसली.

"आता तुम्ही चालवा," मिस्त्रीण मुलाला म्हणाली. "मशीन लावलेलंच ठेवते. आईसाहेब मागे बसतील."

बाजार, शाळा, पूल. मुलगा अंडी भरलेली टोपली नेत असल्यासारखा चालवत होता. मागे ऑपरेटरबाई, त्यांच्या बाजूला सून. चढ लागला. धाडकन!

"आता कुणाचा पाय?" ऑपरेटरबाईंनी मागून विचारलं.

मुलाने गाडी बाजूला घेतली. मिस्त्रिणीने मशीनचा पडदा त्याच्यासमोर धरला. नोंद आली होती. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड.

"म्हणजे काय?" सुनेने विचारलं.

"गिअरबॉक्समध्ये सगळी ताकदीची कामं तेल करतं. तेल किती जोराने दाबायचं ते ठरवणारा हा विजेवर चालणारा छोटा नळ. वीज तुटली की तो तेल पूर्ण जोराने सोडतो. मग हलकेच बसायचा तो गिअर आपटून बसतो. पण नुसती नोंद आली म्हणून नळच गेला असं नाही. त्याची वायर खराब असेल, जोड सैल असेल. तेही बघते."

त्या दिवशी तिने गाडी ठेवून घेतली. गरम असतानाच कॉम्प्युटरपासून गिअरबॉक्सपर्यंतची वायर हलवून, वाकवून, मीटर लावून तपासली. ठीक. बाहेरचा जोड उघडला. स्वच्छ. गुरुवारी सकाळी तेल उतरवून गिअरबॉक्सचं खालचं झाकण काढलं आणि आतून अंगठ्याएवढा तो नळ बाहेर आला. तो तिने स्वच्छ पुसून मीटरला लावला. पाच ओहम. जसा हवा तसा.

ऑपरेटरबाई सकाळपासून रिक्षाने येऊन स्टुलावर बसल्या होत्या. मुलगाही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. "म्हणजे हाही चांगलाच?" त्याने विचारलं.

"थंड आहे म्हणून चांगला. गरम करून बघू." तिने एका पातेल्यात गिअरबॉक्सचं तेल ओतलं, त्यात थर्मामीटर आणि वायरी जोडलेला नळ सोडला आणि स्टोव्ह पेटवला. त्याच क्षणी मुलगा उठला, भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं, त्याची पिन तपासली आणि स्टोव्हपासून बरोबर दीड हातावर उभा राहिला. या वेळी कुणी त्याची थट्टा केली नाही. तेल तापवायच्या वेळी असा माणूस जवळ असणं फार बरं.

मीटर ऑपरेटरबाईंच्या हातात होता. "आकडे मोठ्याने सांगत रहा," मिस्त्रीण म्हणाली.

"पाच," ऑपरेटरबाई एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाल्या. "पाच. सव्वापाच. साडेपाच. सहा. सहा." मग आकडा लुकलुकला. "अगं, गेला. आला. गेला." मीटर कोरा झाला. "लाइन कटली!"

"बंद करा स्टोव्ह," मिस्त्रीण म्हणाली. "आतली तार तुटलीय. थंड असताना टोकाला टोक लागून राहतं, तापली की सुटतं. म्हणून पुलापर्यंत धक्का नाही, चढावर आहे."

पाच मिनिटांनी नळ निवला आणि मीटरवर परत पाच आला. मुलाने तो स्वतः वाकून पाहिला. मग त्याने आईकडे एकदा बघितलं आणि नळकांडं जागेवर टांगायला गेला.

तो गुरुवार ताईचा फोनवर गेला. "मेलेले वाच," ताई पलीकडून म्हणाली. ऑपरेटरबाईंनी घरच्या वर्तमानपत्रातून वाचले. "हा कोण गं? हा तर मागेच गेला नव्हता का?" असं चाललं अर्धा तास. पण ताई शेवटी म्हणाली, "फोनवर तुझं वाचणं ऐकलं की तू एक्स्चेंजमध्ये बसलीयस असं वाटतं. इथे ये." आणि ऑपरेटरबाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या, कारण शनिवार दोन दिवसांवर आला होता.

शुक्रवारी नवा सोलेनॉइड बसला, ताजं तेल भरलं, गाडी घरी आली. बॅटरी तशीच राहिली. मुलगा संध्याकाळी तीनदा खिडकीशी जाऊन गाडीकडे बघून आला, पण खाली उतरला नाही.

शनिवारी दहाला गिऱ्हाईक आलं. ऑफिसातला बुटका, आनंदी माणूस. त्याने गाडी पुलापलीकडे नेऊन आणली आणि उतरला तो हात चोळतच. "अरे, तू तर म्हणाला होतास धक्के देते! ही तर लोण्यासारखी चालते. मी आत्ताच नेतो."

किल्ली मुलाच्या मुठीत होती. ऑपरेटरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गिऱ्हाइकाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलाला आतल्या खोलीत बोलावलं.

"पायाचा दोष नव्हता, हे पटलं?"

"पटलं."

"गाडी दुरुस्त झाली?"

"झाली."

"मग आता विकायचं कारण सांग. खरं सांग. मी थट्टा करणार नाही."

मुलाने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. चाळीस वर्षांचा माणूस, खांद्यावर पट्ट्या असलेला. "गुरुवारी तू गेलीस की मला ऑफिसात काही सुचत नाही," तो म्हणाला. "रस्त्यावरच्या किती गाड्या मी कापून उघडायला लावल्यात तुला माहीत नाही. संध्याकाळी घरी येऊन तुझी गाडी दारात दिसेपर्यंत मी… म्हणून तो कागद मिळाला तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं."

ऑपरेटरबाई पलंगावर बसल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हा पोरगा आगीला घाबरतो.

"एवढं होतं तर बोलायचं होतंस."

"बोललो की तू हसतेस."

हे खरंच होतं. त्या म्हणाल्या, "ताईकडे पोचले की तुला फोन करीन. निघतानाही करीन. ऑफिसात तुझ्या टेबलावर फोन आहे ना? दोनदा वाजेल. आणि ज्या दिवशी मला स्वतःला वाटेल की आता पुरे, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात आणून देईन. तू मागायच्या आधी. पण तो दिवस मी ठरवणार, वर्कशॉप नाही."

"शब्द?"

"मी बत्तीस वर्षं कुणाला चुकीचा नंबर लावून दिलेला नाही."

मुलगा बाहेर गेला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "माफ कर. गाडी विकायची नाही. आईला लागते." गिऱ्हाईक जरा घुश्शात गेलं, आणि ऑपरेटरबाईंनी शनिवार असूनही पर्स उचलली. ताईकडे नऊ दिवसांची वर्तमानपत्रं साचली होती. अकराला त्या निघाल्या. साडेअकराला घरचा फोन वाजला तेव्हा मुलाने पहिल्या घंटेलाच उचलला.

पुढे ऑपरेटरबाईंनी आणखी आठ वर्षं गाडी चालवली. ताई त्यांतली पाच वर्षं होती. ती गेली तेव्हा तिच्याबद्दलचा मजकूर वर्तमानपत्रात आला आणि ऑपरेटरबाईंनी तो तिच्याच खोलीत बसून मोठ्याने वाचला. त्यानंतर त्या गुरुवारी अंधांच्या वसतिगृहात वाचायला जायला लागल्या. बहात्तराव्या वर्षी एका दुपारी त्यांना समोरचा सायकलवाला जरा उशिरा दिसला. काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली मुलाच्या हातात ठेवली. तो किल्लीकडे बघतच राहिला आणि त्यालाच रडू आलं.

मुलगा बढती मिळून दलाचा प्रमुख झाला. सून सासूकडूनच गाडी शिकली, पुढे दर गुरुवारी सासूला वसतिगृहात न्यायला लागली, आणि सासूपेक्षा वेगात चालवते, असं सासूच सांगायची. मिस्त्रिणीने शेड वाढवली, पुढे तांत्रिक शाळेत आठवड्यातून दोन दिवस शिकवायला लागली, आणि तिच्या वर्गातला पहिला धडा अजूनही गाडीचा नसतो, मालकाशेजारी गप्प बसण्याचा असतो. आनंदी गिऱ्हाइकाने दुसरी गाडी घेतली, साध्या गिअरची, आणि तो तीत सुखी आहे.

ऑपरेटरबाई ब्याऐंशीव्या वर्षी, सकाळच्या चहानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. त्या दिवशी गुरुवार होता. वसतिगृहात अकरा माणसं त्यांची वाट बघत होती, तेव्हा सून वर्तमानपत्र घेऊन तिकडे गेली आणि तिने त्यांना आधी हीच बातमी सांगितली.